घाबरट दादा आणि दुधीचा रस

माझा भाऊ शरदचंद्र जन्मजात घाबरट. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही, आणि तो चिडतही नाही. लहानपणी महालक्ष्मीच्या जत्रेत आम्ही सगळी भावंडं आकाशपाळण्यात बसायचो आणि हा खाली आमच्या चपला सांभाळत उभा. पुढे नोकरी लागली ती गोदीत, हिशेबाच्या खात्यात. उभी हयात बंदरात काढली, पण पठ्ठ्या एकदाही बोटीवर चढला नाही. "काय गं, पाणीच ते, त्याचा काय भरवसा," म्हणायचा. रात्री झोपायच्या आधी गॅस बंद आहे का ते बघणार, मग वहिनीला बघायला लावणार. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, तर कधीकधी मलाही फोन. "मधू, जरा वर येऊन नाकाने बघ ना, वास येतोय का."

मी मधुरा, त्याची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे तोंड चालवायला नवरा नाही. भाऊ आहे, तेवढा पुरतो. यशोदावहिनी माझ्या अगदी उलट. बोलणं मोजकं, काम चोख. घरातल्या सगळ्या गोष्टी तिच्या हातात आणि दादाच्या सगळ्या भित्या तिच्या डोक्यावर, असा त्यांचा संसार.

गेल्या आषाढात दादाला अटॅक आला. प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत भाजी घेताना घाम फुटला, डावा हात जड झाला, आणि त्याच्या घाबरटपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. दुसरा कोणी असता तर ॲसिडिटी म्हणून घरी येऊन पडला असता. हा सरळ टॅक्सीत बसला आणि डॉक्टरकडे गेला. स्टेंट बसला, वाचला. मी सिद्धिविनायकाला अनवाणी जाऊन नारळ ठेवला आणि म्हटलं, चला, सुटलो.

कसलं सुटतोय! खरी भीती पुढेच होती. ती गोळ्यांच्या खोक्यातून आली.

प्रत्येक खोक्यात एक पातळ कागद घडी करून घातलेला असतो. तो कोण वाचतं सांगा? माझ्या भावाने भिंग लावून वाचला. रक्त पातळ करायच्या गोळीचा कागद वाचून झाल्यावर तो माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक. "मधू, यात लिहिलंय, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूतसुद्धा." मी म्हटलं, "अरे, हजारात एखाद्याला होत असेल म्हणून लिहितात." तर म्हणतो, "तो एखादा मी नसेन कशावरून?"

आणि त्रास अगदीच नव्हता असंही नाही, उगाच खोटं का बोलू. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. बसच्या दांड्याला कोपर लागलं तरी हातावर काळंनिळं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून मांड्या भरून यायच्या, खुर्चीतून उठताना तो दोन्ही हातांनी गुडघे दाबायचा. मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस का?" "नको गं. ते चिडतील. गेल्या वेळी एका पेशंटवर केवढे ओरडले, बाहेर ऐकू आलं." म्हणजे बघा, गोळीची भीती, रक्ताची भीती, आणि वर डॉक्टरांची भीती.

शिवाजी पार्कला सकाळी फिरायला जायला डॉक्टरांनीच सांगितलेलं. तिथे त्याला भेटले हेरंब. नको त्या वयात टी-शर्ट, डोळ्यांवर गॉगल, आणि छाती ठोकून बोलायची सवय. "शरदराव, मी सगळ्या गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या. रोज सकाळी दुधीचा रस, वर अर्जुनाच्या सालीचा काढा, लसणाच्या दोन पाकळ्या. बघा माझ्याकडे!" दादाने बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्या गृहस्थाला नुसतं थोडं ब्लडप्रेशर होतं, त्याच्या हृदयात स्टेंट नव्हता, हे काही कोणी विचारलं नाही. पार्काबाहेर रसवाल्याकडे ही मंडळी ओळीने उभी राहायची, हिरवेगार ग्लास हातात. मग मोबाइलवर ग्रुप झाला आणि दिवसभर दादाला एकेक मेसेज. गोळ्यांनी किडनी जाते, गोळ्यांनी लिव्हर जातं, दुधीने नसा साफ होतात. मी एकदा तो फोन हातात घेऊन म्हटलं, "हा बंद कर नाहीतर मी समुद्रात फेकते." तो फोन माझ्या हातातून काढून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "रस प्यायला काय हरकत आहे? भाजीच तर आहे."

भाजीच होती. म्हणून वहिनीनेही हरकत घेतली नाही. फक्त रसवाल्याचा मिक्सर तिला पसंत पडेना, म्हणून रस घरी होऊ लागला. रोज सकाळी दुधी धुवायचा, एक चकती कापायची, दाताखाली धरून बघायची, गोड लागली तरच बाकीचा दुधी किसायचा. काकडी असो, दुधी असो, पडवळ असो, आमच्या आईने आम्हाला हेच शिकवलं आणि वहिनीला तिच्या आईने. कडू निघाला तर सरळ फेकून द्यायचा, त्यात विचार करायचा नाही. मग रसाचा ग्लास आणि हातावर गोळ्या, दोन्ही ती दादापुढे धरायची. तो गोळ्या तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, मग रस प्यायचा. असं दिवाळीनंतर रोज चाललं होतं. दादाचा चेहराही जरा खुलला. मांड्या दुखायच्या थांबल्या म्हणाला. मला वाटलं, अंगाला सवय झाली असेल.

नव्या वर्षातली पहिली अंगारकी आली. अंगारकीला आमच्या गल्लीत जगायचं म्हणजे काय ते प्रभादेवीकरांनाच माहीत. आदल्या रात्रीपासून देवळाची रांग घराखालून जाते, रस्त्यावर बांबू, पोलीस, लाऊडस्पीकर. वहिनीचा उपास कडक. पाणी आणि बिनसाखरेचा चहा सोडला तर चंद्रोदयापर्यंत जिभेवर काही ठेवायचं नाही, नैवेद्याचं सारणसुद्धा अंदाजानेच करायचं. त्या सकाळी तिने दुधी धुतला, कापला, आणि चकती दाताखाली न धरता किसला. उपास होता ना! मोदकांसाठी नारळ खोवायचा होता, डोक्यात तेच. ग्लास टेबलावर ठेवून ती सारणाकडे वळली.

दादा ग्लास रिकामा करून स्वतः मोरीत नेऊन विसळून आला. हे वहिनीला जरा चमत्कारिक वाटलं, कारण या घरात पुरुषाने ग्लास विसळल्याचं तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिने विचारलं नाही.

मला फोन आला तेव्हा मी पोथी वाचत होते. "मधुताई, वर या. लवकर." बस्स, एवढंच. वहिनीचा आवाज मी असा कधी ऐकलेला नव्हता. मी तशीच जिना चढले. दादा बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलेला, पोट आवळून धरलेलं, कपाळावरून घाम गळतोय. ओकारीवर ओकारी. जुलाबही सुरू झालेले. "काही बाधलं असेल," मी म्हणाले, म्हणजे मीच माझी समजूत घालत होते. तेवढ्यात पुन्हा उलटी झाली आणि त्यात रक्त आलं. लालभडक, चांगलं ओंजळभर.

मला वाटलं, झालं, कागदावर लिहिलेलं खरं झालं. तो एखादा हाच निघाला. मी त्याला इतके महिने हसत होते आणि त्याची भीती खरी निघाली. दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना.

अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, देवळाकडचा रस्ता बंद आहे, फिरून यावं लागेल, किती वेळ लागेल सांगता येत नाही. वहिनी दादाचं तोंड पुसत होती, तिच्या उपासाच्या साडीवर रक्ताचे डाग. मी जिन्यातून ओरडत खाली उतरले. तळमजल्यावर गुणाजी राहतो, देवळाच्या गल्लीत त्याचा हारफुलांचा स्टॉल आहे. अंगारकीला तो घरी सापडायचा नाही, पण नेमका दुर्वांची टोपली न्यायला आला होता. माझा अवतार बघून त्याने टोपली तिथेच टाकली. "काय झाला, बाय?" मी कसंबसं सांगितलं. "तू घाबरा नको. मी बघतंय," म्हणाला आणि वर पळाला.

त्याने दादाला उचलून लिफ्टने खाली आणलं. दादा लिफ्टमध्ये माझा हात इतका दाबून धरून होता की माझी बांगडी मनगटात रुतली. मागच्या गल्लीत टॅक्सी मिळाली, वहिनी पुढे बसली, मी दादाला धरून मागे. पण पुढे माणसंच माणसं! परळला जायचा पूल पाडायला काढलेला, म्हणजे दादरवरून वळसा, आणि त्या वळशाआधी ही रांग ओलांडायची. गुणाजी टॅक्सीपुढे पळत होता, दोन्ही हात वर करून, "ओ सायबा, पेशंट हा, बांबू उचला, बांबू!" लोक मागे सरत होते. काहीजण टॅक्सीत वाकून बघत होते आणि हात जोडत होते. मला त्यांचा इतका राग आला! अरे, जिवंत माणूस आहे आत, हात कसले जोडताय? दादाचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, हात बर्फासारखा गार. मी सारखी म्हणत होते, "दादा, बोल माझ्याशी. काहीही बोल." तो म्हणाला, "काचा वर करा, धूर येतोय." त्या परिस्थितीतही! मी त्याला शिवी हासडली आणि रडले.

परळच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होत्या, वैदेही नावाच्या. ब्लडप्रेशर बघून त्यांनी नर्सला हाक मारली आणि एकदम चार माणसं दादाभोवती जमली. सलाइन, नाकात नळी, छातीवर वायरी. डॉक्टरांनी विचारलं, "हार्ट पेशंट आहेत? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?"

वहिनी पुढे झाली. तिला सगळ्या गोळ्यांची नावं पाठ होती, सकाळच्या, रात्रीच्या. तिने ती न अडखळता सांगितली. "एक दिवस चुकलेली नाही, डॉक्टर. मी स्वतः हातावर ठेवते आणि माझ्या डोळ्यांदेखत घेतात." एवढ्या घाईतही तिच्या आवाजात जरा अभिमान होता.

डॉक्टर वैदेही नर्सला म्हणाल्या, "दोन-दोन थिनरवर आहेत, ब्लड बँकेला फोन करा, प्लेटलेट्स मागवा." आणि तेव्हा दादाने माझी ओढणी ओढली. मी वाकले. त्याच्या ओठांना कोरड पडली होती.

"मी घेत नाही," तो म्हणाला.

"काय घेत नाहीस?"

"गोळ्या. दिवाळीपासून. जिभेखाली धरायचो. मग बेसिनमध्ये."

मला ते कळायलाच वेळ लागला. कळलं तशी सरळ उभी राहिले. मी जोरात म्हणाले, "डॉक्टर, हा गोळ्या घेत नाही!" सगळ्यांनी ऐकलं. वहिनीनेही. ती पर्सचा बंद धरून उभी होती, तशीच उभी राहिली.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्या दादाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काका, आत्ता सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर आम्ही चुकीच्याच दिशेने गेलो असतो. आज काय खाल्लं-प्यायलंत?" दुधीचा रस म्हटल्यावर त्यांनी चटकन मान वर केली. "कडू होता?"

"कडूजहर," दादा म्हणाला.

"मग टाकून का नाही दिलात? कडू दुधी विषारी असतो, काका. आतडी सोलून काढतो. कुठल्याही घरात हे माहीत असतं."

"माहीत होतं." तो थांबला. श्वास लागत होता. "गोळ्या बंद होत्या ना. रस टाकला असता तर आज हार्टला काहीच मिळालं नसतं. मला भीती वाटली. म्हटलं, औषध कडूच असतं, असेल तसंच काहीतरी."

आणि कडू आहे असं वहिनीला का नाही सांगितलंस, हे मी विचारणार होते. पण उत्तर मलाच सुचलं. ती म्हणाली असती, फेकून द्या, एक दिवस रस नाही घेतला म्हणून काय होतंय, गोळ्या तर घेतल्यात. मग हा काय बोलणार होता!

त्याला आयसीयूत नेलं. संध्याकाळी मोठे हार्टचे डॉक्टर आले, ज्यांना दादा इतके महिने टरकून होता तेच. त्यांनी आम्हा दोघींना बाहेर उभं करून सांगितलं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, इतक्या हळू आवाजात सांगितलं. विष उतरेल, ब्लडप्रेशर सावरतंय. पण पोटात आतून जखमा झाल्यात, रक्त अजून थांबलेलं नाही. आणि इकडे इतके दिवस गोळ्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि झाली तर मोठा अटॅक. "गोळी आत्ता दिली तर पोटातून रक्त वाहील. नाही दिली तर हार्टचा भरवसा नाही. पोट भरून येईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही." मग म्हणाले, "मांड्या दुखतात हे मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी ती गोळी बदलून दिली असती. हिरड्यांचंही बघितलं असतं. दुधी खायला माझी ना नव्हती. गोळ्यांच्या जागी नको, एवढंच."

एका शब्दाने! मी भिंतीला टेकले. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिच्या हातात गार झाला. चंद्रोदय होऊन गेला, तिने उपास सोडला की नाही मला माहीत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आयसीयूच्या दाराला एक गोल काच असते, तिच्यातून दादाच्या डोक्यावरच्या मॉनिटरची हिरवी रेघ दिसायची. ती जरा वेडीवाकडी झाली की मी काचेला नाक चिकटवायचे. एकदा दादा म्हणाला छातीत भरून आलंय, आणि नर्स धावली, मशीन ओढत आणलं, आम्हाला बाहेर काढलं. मी दाराबाहेर देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडता फेडता पुरी होईन. शेवटी गॅस निघाला. मेल्याने आम्हाला अर्धमेलं केलं आणि गॅस!

भेटायची वेळ झाली की एकच प्रश्न. "मधू, आज देणार आहेत का गं गोळी?" नाही म्हटलं की डोळे मिटायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "विचार ना त्यांना. अर्धी तरी देतील का?" ज्या गोळीला तो भुतासारखा भ्यायचा तिच्यासाठी लहान मुलासारखा हट्ट धरून बसला होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. वहिनी रोज यायची, त्याचे पाय पुसायची, चादर नीट करायची, पण त्याच्याशी एक अक्षर नाही. तो तिच्याकडे बघायचा, ती चादरीकडे. "यशू, चिडलीस?" त्याने विचारलं. तिने पाण्याची बाटली भरायला नेली.

अखेर एका सकाळी डॉक्टर वैदेही स्वतः सांगायला आल्या. रक्त थांबलंय, दुर्बीण घालून बघितलंय, आजपासून एक गोळी सुरू करू. नर्सने छोट्या वाटीत गोळी आणली. पांढरी, टिकलीएवढी. मी वाटी धरायला गेले, तर वहिनीने मला बाजूला सारलं. तिने गोळी त्याच्या हातावर ठेवली, घरी ठेवायची तशीच. त्याने ती तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि गिळली. आमच्याकडे बघून हसलासुद्धा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"झालं," तो म्हणाला.

वहिनी हलली नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला. त्या अंगारकीनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"आ करा," ती म्हणाली.

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवली. त्याने तोंड उघडलं. नर्स वाटी घेऊन अवघडून उभी राहिली. वहिनी वाकून बघत होती आणि तिच्या हातातला उजेड त्याच्या गालावर, नाकावर, कुठेही हलत होता.

"जीभ वर करा," वहिनी म्हणाली.